21 हजाराची अट आणि आमच्या काकू

प्रश्न: ताई, आमच्या गल्लीतल्या एक काकू 68 वर्षांच्या आहेत, एकट्याच राहतात, जमेल तशा मजुरीला जातात. निराधारच्या पगाराला अर्ज केला तर दाखल्यावर उत्पन्न 36 हजार लागलं आणि अर्ज बाद झाला. आमचा 10 बायकांचा बचत गट आहे, आम्हाला काही करता येईल का?
— एक वाचक, मराठवाडा

उत्तर: येईल, नक्की येईल. पण आधी काकूंचं नाव दारिद्र्य रेषेच्या यादीत आहे का ते ग्रामपंचायतीत बघून घ्या. असेल तर अर्ज इंदिरा गांधी वृद्धापकाळ पेन्शनला जातो, त्यात केंद्राचे 200 आणि बाकीचे राज्याचे असे मिळून महिन्याला 1500 होतात. नसेल तर मग श्रावणबाळ, म्हणजे राज्याची म्हाताऱ्या माणसांची पेन्शन, आणि तिथेच वर्षाचं उत्पन्न 21 हजाराच्या आत हवं ही अट आडवी येते. कमी उत्पन्नाचा खोटा दाखला काढायच्या भानगडीत मात्र पडू नका, उद्या वसुली निघाली तर ती काकूंच्याच गळ्यात पडणार.

आता ही अट बघा. वर्षाला 21 हजार म्हणजे महिन्याला 1750. रोजगार हमीची 2025-26 ची मजुरी होती 312 रुपये रोज, म्हणजे 68 दिवस काम केलं की माणूस निराधार राहत नाही, आणि कायद्याने काम देणार होते 100 दिवस! लाडकी बहीणला अडीच लाखापर्यंत उत्पन्न चालतं पण ती 65 पर्यंतच, त्यानंतर बाईचे हातपाय थकतात तेव्हा अट येते 21 हजारावर. मला हे वाचूनच संताप येतो. निराधारचा पगार 2023 मध्ये 1000 चा 1500 झाला, ते बरंच झालं, पण दारातच अडवलं तर काकूंना त्याचा काय उपयोग?

म्हणून एकट्या काकूंना घेऊन चकरा मारू नका. गटातल्या बायकांनी घरोघर जाऊन असे बाद झालेले सगळे अर्ज गोळा करा, प्रत्येकाचं कारण लेखी मागा, तोंडी "बसत नाही" वर परत फिरू नका, आणि जे द्याल त्याची पोच घ्या. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावीच लागते, तिथे उत्पन्नाची अट वाढवा आणि पगार दर महिन्याला वेळेवर द्या असा ठराव मांडा, मग तोच ग्रामसभेत घ्या. ठरावाची प्रत तहसीलदारांना आणि आमदारांना द्या, अट बदलणं राज्य सरकारच्याच हातात आहे. शेजारच्या गावांतल्या गटांनाही सांगा, पाच-सहा गावांचे ठराव एकदम गेले तर जास्त बरं. आणि तोवर काकूंच्या रेशनकार्डावर धान्य नीट मिळतंय ना, तेही बघा.