ट्रेलरचा कॅमेरा फक्त रिव्हर्समध्येच का चालतो?

प्रश्न : अमेरिकेत पिकअपमागे पत्र्याचा बंद ट्रेलर ओढतो. मागचा वायरलेस कॅमेरा रिव्हर्समध्येच लागतो, चित्रही तुटते. उपाय?

उत्तर : कॅमेरा गाडीतून ट्रेलरला वीज देणाऱ्या सात पिनांच्या प्लगमधल्या मधोमधच्या, म्हणजे रिव्हर्स दिव्याच्या पिनवर जोडलेला दिसतो. चालतानाही दृश्य हवे तर १२ व्होल्टच्या ऑक्झिलरी (जादा उपकरणांसाठीच्या) पिनवरून २ अँपिअरचा फ्यूज टाकून वीज घ्या. काही गाड्यांत ही पिन इंजिन बंद असतानाही चालू राहते. मल्टिमीटरने तपासा, तसे असल्यास बॅटरी उतरू नये म्हणून स्विच बसवा. अर्थिंग प्लगच्या पांढऱ्या तारेलाच द्या. हिचच्या (गाडी-ट्रेलर जोडणाऱ्या सांध्याच्या) ग्रीस लागलेल्या गोळ्यावर विसंबलात तर चित्र लुकलुकणारच! एवढ्यावरही तुटले तर पत्रा सिग्नल अडवतो आहे, अँटेना ट्रेलरबाहेर आणा. लांब ट्रेलरला मात्र वायरचाच कॅमेरा बरा. हिचपाशी वायरला वळणापुरती ढील सोडा.