बाबांचा पार्किन्सन्स किती वाढला ते रक्ताच्या टेस्टमधून कळतं का?

तुम्ही लिहिलंय की बाबांना पार्किन्सन्स होऊन चार वर्षं झाली आणि लॅबवाल्याने एनएफएल नावाची ब्लड टेस्ट सुचवलीय, त्यावरून आजार किती पुढे गेलाय ते कळेल का. नाही हो, एकट्या माणसाच्या आकड्यावरून तसं आज तरी नाही सांगता येत.

माझ्या आईची तीच टेस्ट आम्ही डॉक्टरांना न विचारता करून घेतली होती, आकडा जास्त आला आणि पुढची अपॉइंटमेंट येईपर्यंत घरात कोणाच्या घशाखाली घास उतरेना. मग न्यूरॉलॉजिस्टनी नीट समजावलं. एनएफएल म्हणजे न्यूरोफिलामेंट लाइट चेन, नसांच्या तंतूंच्या आतलं प्रोटीन, तंतूंना इजा झाली की ते बाहेर पडतं आणि थोडं रक्तात येतं, पण इजा कशाने झाली ते त्यावरून कळत नाही. वयाबरोबर ते वाढतंच, किडनी कमजोर असली तरी वाढतं, शुगरने पायाच्या नसा खराब झाल्या असतील तरी, डोक्याला मार लागला तरी. आई ७६ वर्षांची, शुगर २० वर्षांची, आकडा जास्त येणारच ना!

टेस्ट खोटी नाहीये. शेकडो पेशंट एकत्र बघितले तर ज्यांचं एनएफएल जास्त त्यांचं चालणं आणि स्मरणशक्ती सरासरीने लवकर ढासळते, म्हणून रिसर्चमध्ये ती वापरतात. आणि हा पार्किन्सन्सच आहे की पीएसपी, एमएसए असा वरून पार्किन्सन्ससारखाच दिसणारा दुसरा आजार, अशी शंका असेल तर डॉक्टरांना तिची मदत होते, कारण त्या आजारांत ते बरंच जास्त असतं.

२०२३ मध्ये अल्फा सिन्युक्लिनच्या (पार्किन्सन्समध्ये बिघडून मेंदूच्या पेशींत साठणारं प्रोटीन) टेस्टची खूप चर्चा झाली, पीपीएमआय नावाच्या पार्किन्सन्सवरच्या मोठ्या स्टडीत ११२३ लोक होते आणि पार्किन्सन्सच्या पेशंटपैकी जवळजवळ ८८ टक्क्यांमध्ये ती पॉझिटिव्ह आली, पण ती मणक्यातून काढलेल्या पाण्यावर होती आणि बिघडलेलं प्रोटीन आहे की नाही एवढंच सांगते, आजार किती वाढला ते नाही. रक्तात हे प्रोटीन नुसतं मोजायचं तर बहुतेक सगळं लाल पेशींतच असतं, सॅम्पल घेताना थोड्या पेशी फुटल्या तरी आकडा बिघडतो.

तुम्ही त्यापेक्षा एक वही करा. गोळी किती वाजता, असर कधी सुरू झाला, कधी उतरला, कधी तोल गेला, रात्री झोपेत ओरडले का. महिन्यातून एकदा त्याच पॅसेजमधून चालतानाचा व्हिडिओ काढा. आमच्या डॉक्टरांनी डोस बदलला तो या वहीवरून. फक्त व्हिडिओ काढताना शेवटची गोळी कधी घेतली ते तोंडाने बोलून ठेवा, नंतर आठवत नाही.