स्वतः बनवलेलं डेब पॅकेज आणि त्यातली सर्व्हिस, दुसऱ्या मशीनवर टाकण्याआधी कशी तपासावी?

तुम्ही म्हणताय, डेबियन १२ या लिनक्ससाठी पॅकेज (प्रोग्राम इन्स्टॉल करायची डेब फाइल) बनवलं, सोबत सिस्टिमडीची सर्व्हिस आहे, म्हणजे लिनक्समधला सिस्टिमडी जो मागे सुरू ठेवतो असा प्रोग्राम, तुमच्या लॅपटॉपवर सगळं नीट चालतं. मग ऑफिसच्या मशीनवर टाकण्याआधी आणखी काय बघायचं?

लॅपटॉपवर चालतंय ते विसरा. ज्या मशीनवर महिनोन्‌महिने खटपट केली, तिथे ते चालणारच.

माझंच सांगतो. पॅकेज दुसऱ्याच्या मशीनवर टाकलं आणि सर्व्हिस जागेवर आडवी. जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमडीच्या नोंदवहीत, बघितलं तर 'स्टेटस २१७/यूजर'. युनिट फाइलमध्ये, म्हणजे सर्व्हिस कशी चालवायची ते लिहिलेल्या फाइलमध्ये, ज्या यूजरचं नाव लिहिलंय तो यूजरच त्या मशीनवर नव्हता. माझ्याकडे होता, कारण कधीतरी मीच हाताने बनवला होता आणि साफ विसरलो होतो. पोस्टइन्स्ट स्क्रिप्टमध्ये (पॅकेज टाकल्यावर आपोआप चालते ती) तो यूजर बनवायची ओळच नाही!

म्हणून कोरं व्हर्च्युअल मशीन घ्या, त्याच्या कोऱ्या अवस्थेचा स्नॅपशॉट (जतन केलेली प्रत) काढून ठेवा आणि दर चाचणीआधी त्यावर परत या. डॉकरवर (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवायचं साधन) भागवू नका. नेहमीच्या डॉकर कंटेनरमध्ये सिस्टिमडी चालतच नाही, म्हणजे सर्व्हिसची परीक्षा राहूनच जाते. पॅकेज 'डीपीकेजी'ने न टाकता 'एपीटी'ने टाका, पॅकेजमध्ये लिहिलेल्या डिपेंडन्सी (त्याला लागणारी इतर पॅकेजेस) तो ओढून आणतो. जी लिहायची राहिली असेल ती इथेच उघडी पडते.

सर्व्हिस सुरू झाली म्हणून खूश होऊ नका. युनिट फाइलमध्ये टाइप 'सिंपल' असेल तर प्रोग्राम पुढच्या क्षणी कोसळला तरी स्टार्टची कमांड तक्रार करत नाही. दहा-पंधरा सेकंदांनी स्टेटस बघा. मग 'किल -९' कमांडने ती प्रोसेस जबरदस्तीने मारा. युनिट फाइलमध्ये रीस्टार्ट 'ऑन-फेल्युअर' असेल तर सर्व्हिस परत उठायला हवी. इथे एक गोम आहे. सिस्टिमडी मुळात १०० मिलिसेकंदांनी पुन्हा प्रयत्न करतो आणि १० सेकंदांत ५ वेळा सुरू करूनही जमलं नाही तर नाद सोडतो. सर्व्हिसला डेटाबेस लागत असेल आणि तो उठायला चार सेकंद लागले की तुमची सर्व्हिस तोवर मेलेली. 'रीस्टार्टसेक', म्हणजे दोन प्रयत्नांमधला वेळ, पाच सेकंद ठेवा.

मशीन एकदा रीबूट करा. हे बहुतेक जण करत नाहीत, आणि सर्व्हिस 'एनेबल' करायची (मशीन सुरू होताच आपोआप चालू होईल अशी ठेवायची) राहिल्याचं वीज जाऊन आल्यावर कळतं.

युनिट फाइलमधल्या शुद्धलेखनासाठी 'सिस्टिमडी-अ‍ॅनालाइझ व्हेरिफाय' आहे. एखाद्या सेटिंगच्या नावात अक्षर चुकलं तर सिस्टिमडी जर्नलमध्ये नुसती कुरकुर करतो आणि ती ओळ सोडून पुढे जातो.

शेवटी 'पिउपार्ट्‌स' चालवा. स्वच्छ 'सीएचरूट'मध्ये (मशीनमध्येच वेगळी केलेली कोरी डेबियन फोल्डर-व्यवस्था) पॅकेज टाकणं, काढणं, पर्ज करणं (सेटिंगच्या फाइलींसकट काढणं) हे सगळं तो करतो आणि मागे राहिलेल्या फाइली दाखवतो. अपग्रेडही करून बघा, कारण पोस्टइन्स्ट तेव्हा पुन्हा चालते. त्यात यूजर बनवायला 'यूजरअ‍ॅड' लिहिलं असेल तर 'हा यूजर आहेच' म्हणून ती अडते आणि पॅकेज अर्धवट लटकतं. 'अ‍ॅडयूजर'ला 'सिस्टिम' हा पर्याय देऊन वापरा, तो सिस्टिम यूजर आधीच असला तरी गपगुमान पुढे जातो.