ब्रीडर बाई आम्हालाच तपासताहेत!

प्रश्न : डॉक्टर, आम्हाला लॅब्रडॉरचं पिल्लू हवं आहे. घरीच दोन माद्या पाळणाऱ्या एका बाईंकडे नाव नोंदवलंय. दीड वर्षाने त्यांच्याकडे पिल्लं झाली आहेत. पण फोनवर त्यांनी आमचीच उलटतपासणी घेतली. दिवसा घरी कोण असतं, आधी कुत्रं होतं का, त्याचं पुढे काय झालं! पिल्लं पाच आठवड्यांची आहेत, स्वतःचं स्वतः खातात, तरी आठ आठवडे झाल्याशिवाय देणार नाहीत म्हणे. कुठलं द्यायचं तेही त्याच ठरवणार. माझा मेव्हणा म्हणतो, एवढा ताठा कशाला सहन करायचा? त्याच्या ओळखीचा एक जण उद्याच तेवढ्याच वयाचं पिल्लू आणून देतोय, सगळे डोस झालेलं. काय करावं?

उत्तर : मेव्हण्यांना माझा नमस्कार सांगा, आणि बाईंकडे नोंदवलेलं नाव अजिबात मागे घेऊ नका.

आधीच्या कुत्र्याचं काय झालं, हे मीसुद्धा नव्या पेशंटच्या घरच्यांना विचारते. म्हातारं होऊन गेलं, की कंटाळा आला म्हणून देऊन टाकलं, यातला फरक कळला की पुढचं बरंच कळतं. ज्याला पिल्लू फक्त खपवायचंय त्याला या चौकशीची गरज नसते. बाई करारपत्र देणार असतील तर त्यात एक अट शोधा : कुत्रं कधीही ठेवता आलं नाही तर ते त्यांच्याकडेच परत द्यायचं. ती असेल तर निर्धास्त सही करा.

आता त्या तीन आठवड्यांविषयी. पाच आठवड्यांचं पिल्लू खातं, हे खरं. पण त्याचं शिक्षण आत्ता कुठे सुरू झालेलं असतं. दुधाचे दात सुईसारखे असतात. भावंडाला जोरात चावलं की ते किंचाळतं आणि खेळ मोडतो. आईशी आगाऊपणा केला की ती गुरगुरून गप्प बसवते. दात किती लावायचे, हे पिल्लू अशा भांडणांतून शिकतं. ती शाळा अर्धवट सुटलेली पिल्लं चार महिन्यांची होऊन माझ्याकडे येतात तेव्हा मालकांच्या हातांवर ओरखडेच ओरखडे असतात. मग मी पहिला प्रश्न विचारते, घरी आणलं तेव्हा वय काय होतं?

आणि 'सगळे डोस झालेलं' म्हणजे काय? चिकातून मिळालेली आईची प्रतिकारशक्ती पिल्लाच्या रक्तात काही आठवडे टिकते, आणि ती असेपर्यंत लसीला नीट काम करू देत नाही. ती नेमकी कधी ओसरेल, हे पिल्लागणिक वेगळं. म्हणून पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान, नंतर दर दोन ते चार आठवड्यांनी, आणि शेवटचा डोस सोळाव्या आठवड्यात किंवा त्यानंतर. पाच आठवड्यांच्या पिल्लाचे सगळे डोस झालेत असं सांगणाऱ्याला एक तर लस कळत नाही, नाही तर तुम्हाला ती कळत नाही असं तो धरून चाललाय. लसीच्या कार्डावर बाटलीचं लेबल चिकटवलेलं हवं, शेजारी डॉक्टरांची सही. त्या वयात नोंद अपेक्षित आहे ती जंताच्या औषधाची. गोल जंत आईच्या पोटातूनच पिल्लात येतात, त्यामुळे दोन आठवड्यांपासूनच औषध सुरू करावं लागतं.

पिल्लू बाईंनी निवडलं तर बिघडलं कुठे? तुम्ही अर्धा तास बघणार. त्या जन्मल्यापासून बघताहेत. धावत येऊन बुटाची लेस ओढणाऱ्या पिल्लावर सगळ्यांचा जीव जडतो. घरात म्हातारं माणूस असेल तर मी नेमकं ते सोडून मधलं कुठलं तरी शांत पिल्लू सुचवेन.

भेटायला जाल तेव्हा आधी नाकाने बघा. पिल्लं आहेत म्हणजे थोडा वास येणारच, पण डोळे चुरचुरता कामा नयेत. पिल्लं घरातल्या गडबडीत वाढत असतील तर उत्तम. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्यापर्यंत जे आवाज आणि माणसं भेटतात, त्यांची पुढे भीती राहत नाही. आई खंगलेली, केस झडलेली दिसली तर दचकू नका, व्यायल्यावर असं होतं. तिचा स्वभाव बघा. पिल्लांपाशी ती जरा सावध असेल, पण 'आई आत बांधलीय, अंगावर येते' असं ऐकू आलं तर चहा न घेता निघा. वडील मात्र तिथे नसले तरी चालेल. चांगली जोडी जमवायला नर बहुधा बाहेरचाच निवडतात.

प्रश्न : ब्रीडर म्हणतो, पिल्लू डॉक्टरांनी तपासलंय आणि पेडिग्रीचे, म्हणजे वंशावळीचे, कागदही आहेत. आणखी काही मागायचं का?

उत्तर : आई-बापाचे रिपोर्ट मागा. आठ आठवड्यांच्या पिल्लात मी हृदयाची कुरकुर (ठोक्यांतला जादा आवाज), टाळूची फट, बेंबीचा हर्निया शोधू शकते. खुबा पुढे कसा होईल हे सांगू शकत नाही. त्यासाठी आई-बापाचे एक्स-रे लागतात, तेही वाढ पूर्ण झाल्यावर काढलेले. म्हणूनच पहिल्या माजालाच मादी भरवणाऱ्याकडे असे रिपोर्ट असूच शकत नाहीत. लॅब्रडॉर असेल तर खुबा, कोपर, डोळे. शिवाय दोन जनुकीय चाचण्या महत्त्वाच्या : धावता धावता मागचे पाय लुळे पडण्याचा आजार आणि दृष्टिपटल झिजण्याचा आजार. दोघांपैकी एकात दोष सुप्त असेल आणि दुसरा त्या दोषापासून पूर्ण मुक्त असेल, तर पिल्लांना तो आजार होत नाही; तेवढ्यावरून ब्रीडरला नावं ठेवू नका. डोबरमनमध्ये हृदयाची तपासणी दर वर्षी हवी, कारण त्यांच्यातला हृदयाचा आजार बहुधा मध्यम वयात उघड होतो. डाल्मेशियनमध्ये ऐकण्याची चाचणी मात्र पिल्लांचीच करता येते.

छोट्या ब्रीडरकडे एखादी जनुकीय चाचणी राहिली असेल आणि तो तसं सरळ सांगत असेल, तर मी समजून घेईन. लॅब्रडॉरच्या खुब्याचा एक्स-रेच नसेल, तर नाही. पेडिग्री आजोबांचं नाव सांगते. आजोबा लंगडत होते का, ते तिच्यात नसतं.

प्रश्न : एकट्याला करमणार नाही म्हणून दोन भावंडं एकदम आणावीत का?

उत्तर : नको. दोघं एकमेकांतच इतकी गुंततात की तुमच्याकडे लक्ष द्यायची त्यांना गरजच वाटत नाही. मग प्रत्येकाला वेगळं फिरवा, वेगळं शिकवा, वेगळं झोपवा. एक आणा, त्याला चांगलं दीड-दोन वर्षांचं होऊ द्या, मग दुसऱ्याचं बघू. ब्रीडर एकदम दोन्ही द्यायला आनंदाने तयार झाला, तर पहिलंही दुसरीकडून घ्या.