नवी मुंबईत पाम बीच रोडवर सायकलला कारची धडक बसली, सायकलचा विमा नाही, तर भरपाई मिळेल का?

मिळते. विमा बघायचा तो कारचा, तुमचा नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा (गाडीमुळे तिसऱ्याच माणसाचं नुकसान झालं तर भरपाई देणारा) सक्तीचा आहे आणि सायकलस्वार हा थर्ड पार्टीच. त्यामुळे कारमधला जखमी जिथे जातो, त्याच मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात तुम्हीही जायचं. अपघात झाला तिथे किंवा तुम्ही राहता तिथे, कुठेही दावा लावता येतो. वाशी-नेरूळ ठाणे जिल्ह्यात, खारघर मात्र रायगडमध्ये, हे लक्षात ठेवा. मुदत सहा महिन्यांची, कलम १६६ खाली.

फरक पडतो तो पुराव्यात. दोन कार धडकल्या की गाड्याच बोलतात. सायकल मात्र लोक उचलून कडेला ठेवतात आणि पंचनाम्याआधीच सगळं पुसलं जातं. म्हणून आधी फोटो, गाडीचा नंबर, मग एफआयआर. मोडलेली सायकल लगेच दुरुस्तीला टाकू नका आणि खरेदीचं बिल शोधून ठेवा. ‘हेल्मेट नव्हतं’ असं समोरचा वकील म्हणेलच, पण सायकलला हेल्मेटची कायदेशीर सक्ती नाही. उलट्या दिशेने येत असाल तर मात्र रक्कम कापली जाऊ शकते.

गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर गंभीर दुखापतीला सरकारी योजनेतून ५०,००० रुपये. फार नाहीत, पण सोडू नका.

आणि धडक दुसऱ्या सायकलची असेल तर? साधी सायकल मोटार वाहनात मोडत नाही, त्यामुळे न्यायाधिकरण नाही. थेट दिवाणी कोर्ट.