पिखलर आडनावाचं मूळ गाव कोणतं?

प्रश्न : आमची पुतणी ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गकडच्या पिखलर घराण्यात दिली आहे. व्याह्यांचे पूर्वज धर्मापायी पूर्व प्रशियात गेले, असं ते सांगतात. व्हिएन्नात पिखलर आहेत, टिरोलमध्येही आहेत. हे सारे एकाच कुळाचे का? वंशावळ काढायची तर सुरुवात कुठून करावी?
– एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : एका कुळाचे नाहीत. जर्मनमध्ये ‘ब्यूहेल’ म्हणजे टेकाड. तिकडच्या बोलीत त्याचं ‘पिखल’ झालं आणि टेकाडावरच्या शेतघरात राहणारा तो पिखलर. शेवटचा ‘अर’ म्हणजे आपला ‘कर’च समजा. आल्प्सच्या मुलखात टेकाडांना काय तोटा! त्यामुळे हे आडनाव ठिकठिकाणी आपापलं उगवलं. ग्रुबर (खोलगट जागेतला), मोसर (दलदलीकाठचा), लाइटनर (उतारावरचा), एडर (पडीत जमिनीवरचा) यांचीही तीच गत. आपल्याकडे पिंपळगावं किती, ते मोजून बघा म्हणजे लक्षात येईल. म्हणून आडनावाच्या मागे लागू नका, आधी गाव आणि तिथलं चर्च शोधा.

त्यात आणखी एक मेख आहे. डोंगरी भागात घराचं नाव माणसाच्या नावापेक्षा जड असे. हूबर नावाचा गडी ‘पिखल’ शेतघरात घरजावई म्हणून गेला, की गाव त्याला पिखलर म्हणू लागे. नोंदीत ‘हूबर, वुल्गो पिखलर’ असं येतं. वुल्गो म्हणजे आपला उर्फ. जुन्या काळात कधी मूळ आडनाव गळून घराचंच उरलं. म्हणजे बाप हूबर आणि मुलगा पिखलर, तरी नोंद खोटी नसते.

पूर्व प्रशियाची गोष्ट संभवते. साल्झबुर्गवर राज्य करणाऱ्या आर्चबिशप फिर्मियाननं ३१ ऑक्टोबर १७३१ च्या फर्मानानं प्रोटेस्टंटांना हाकललं. ज्यांना जमीनजुमला नव्हता त्यांना अवघे आठ दिवस मिळाले, तेही हिवाळ्याच्या तोंडावर. सुमारे २० हजार माणसं गेली, त्यातले बरेच पोंगाऊ खोऱ्यातले. प्रशियाच्या राजानं फेब्रुवारी १७३२ मध्ये त्यांना बोलावून घेतलं, कारण १७०९-११ च्या प्लेगनं पूर्व प्रशियातली गावं ओस पडली होती. बहुतेक लोक गुंबिनेनच्या आसपास वसले. हे गाव आज रशियात असून त्याचं नाव गुसेव. आणि हो, तेव्हा साल्झबुर्ग ऑस्ट्रियात नव्हतं, ते कायमचं आलं १८१६ साली. त्यामुळे प्रशियातल्या कागदांत ‘ऑस्ट्रियन’ शोधू नका, ‘साल्झबुर्गर’ शोधा.

आता काम. सुरुवात जन्मापासून नको, लग्नापासून करा. लग्नाच्या नोंदीत बहुधा वर-वधूच्या आईबापांची नावं आणि घर सापडतं. तिथून २० ते ३५ वर्षं मागं जाऊन बाप्तिस्म्याची नोंद बघा. साल्झबुर्गकडच्या चर्चच्या वह्या ‘मात्रिकुला’ या संकेतस्थळावर फुकट दिसतात. टिरोलच्या मात्र तिथल्या राज्य अभिलेखागाराच्या वेगळ्या संकेतस्थळावर. नाव जुळलं म्हणून माणूस जुळला असं धरू नका. आईचं नाव, घराचं नाव आणि धर्ममातापिता (बाप्तिस्म्याला मुलासाठी उभे राहणारे), या तिन्हींतलं निदान दोन तरी जुळायला हवं. एकाच गावात दोन योहान पिखलर असणं हे तिकडे नेहमीचंच. शेतावरचे गडी तर २ फेब्रुवारीला मालक बदलत, जसे आपले सालगडी पाडव्याला. म्हणून भावंडांच्या नोंदी दोन-तीन गावांत विखुरलेल्या निघाल्या तर दचकू नका.

प्रश्न : नोंदींचे फोटो मागवले, पण अक्षर लागत नाही. आजीचं आडनाव ‘हूबरिन’ आहे, तिच्या बापाचं ‘हूबर’. एका तारखेत ७ आकडा आणि पुढं ‘बेर’ लिहिलं आहे, म्हणजे जुलै का?
– एक वाचक, दर्यापूर

उत्तर : ‘इन’ फक्त बाईपण दाखवतो. आडनाव हूबरच, वंशावळीतही तसंच लिहा. आणि तो महिना जुलै नव्हे, सप्टेंबर. लॅटिनमध्ये सेप्टेम म्हणजे सात. ८ असेल तर ऑक्टोबर, ९ तर नोव्हेंबर आणि रोमन दहा असेल तर डिसेंबर. इथं चुकलात तर तारीख दोन महिन्यांनी सरकते आणि लग्नाआधीच मूल झालेलं दिसतं!

लिपीचं म्हणाल तर ती ‘कुरेंट’, म्हणजे जुनी जर्मन हस्तलिपी. मोडी वाचणाऱ्याला तिचा त्रास ओळखीचा वाटेल, कारण हात न उचलता एकात एक गुंफलेलं हे अक्षर. ‘ई’ (e) हुबेहूब ‘एन’सारखा दिसतो आणि ‘यू’च्या डोक्यावर छोटी कमान असते, ती कमान शोधली की ‘यू’ आणि ‘एन’ वेगळे होतात. त्या पानावरचं ओळखीचं नाव, जसं मारिया किंवा योहान, आधी शोधा आणि त्यावरून त्या पाद्र्याची अक्षरं कागदावर उतरवून घ्या. ‘ब’ आणि ‘प’ मात्र बोलीतच एक होतात, तेव्हा पिखलर नसेल तर बिखलर बघा.

प्रश्न : अलीकडच्या नोंदी संकेतस्थळावर का दिसत नाहीत?
– वणीहून

उत्तर : जन्म १०० वर्षं, लग्न ७५ वर्षं आणि मृत्यू ३० वर्षं जुना झाल्याशिवाय नोंद सर्वांना खुली होत नाही. ही मुदत भरण्याआधी उतारा हवा असेल तर तिथल्या नोंदणी कार्यालयात नातं दाखवून अर्ज करावा लागतो. पहिल्या प्रश्नातल्या आर्वीच्या वाचकांकडे तो अर्ज पुतणीनं नव्हे, जावईबापूंनी करावा.