वाचकांचे प्रश्न : 'शाळा' बदलली, 'शाळेत' तशीच राहिली

प्रश्न : संस्थेचा अहवाल यंदा नोटपॅड प्लस प्लस या टेक्स्ट एडिटरमध्ये घेतलाय. 'शाळा'ऐवजी सगळीकडे 'विद्यालय' हवं होतं. कंट्रोल-एचने शोधा-बदला खिडकी उघडली, मग 'रिप्लेस ऑल' केलं. 'शाळेत' तसंच राहिलं, 'शाळांना'चं 'विद्यालयंना' झालं आणि 'प्रयोगशाळा' झाली 'प्रयोगविद्यालय'!

उत्तर : आधी कंट्रोल-झेड, 'रिप्लेस ऑल'चे सगळे बदल एकदाच मागे जातात. एडिटर नुसती चिन्हं जुळवतो, विभक्ती त्याच्या गावी नसते. 'शाळेत'मध्ये 'शाळा' नाहीच, 'शाळे' आहे. म्हणून तीन फेऱ्या करा : 'शाळां'चं 'विद्यालयां', मग 'शाळे'चं 'विद्यालया', शेवटी 'शाळा'चं 'विद्यालय'. 'शाळां'ची फेरी आधीच हवी, कारण अनुस्वार हे वेगळं चिन्ह आहे आणि 'शाळांना'मध्ये 'शाळा' अख्खं सापडतं.

'प्रयोगशाळा', 'कार्यशाळा' वाचवायला 'मॅच होल वर्ड ओन्ली'वर खूण करावीशी वाटेल. करू नका, मग 'शाळेत'ही सुटेल. त्यापेक्षा शोधायच्या शब्दाआधी एक स्पेस द्या, आणि नवा शब्द लिहायच्या खालच्या चौकटीतही द्या. तिथे विसरलात तर 'आमच्याविद्यालयात' होईल. ओळीच्या सुरुवातीला स्पेस नसते. तिथल्या शब्दांसाठी सर्च मोड 'रेग्युलर एक्स्प्रेशन' करून ^शाळे शोधा, खाली नुसतं 'विद्यालया'. अवतरणचिन्ह किंवा कंसानंतरचे मोजके शब्द 'फाइंड नेक्स्ट'ने हातानेच बदला. 'रॅप अराउंड'वर खूण असू द्या, नाहीतर कर्सरच्या वरचा मजकूर राहून जातो.

पहिल्या दोन फेऱ्यांत 'रिप्लेस ऑल' चालेल, कारण 'आमच्या शाळेत'मधलं 'आमच्या' विद्यालयालाही चालतं. तिसरी फेरी मात्र एकेक शब्द बघत करा. 'शाळा सुरू झाली'चं 'विद्यालय सुरू झाले' व्हायला हवं आणि 'सगळ्या शाळा'चं 'सगळी विद्यालये'. ते 'रिप्लेस ऑल' करून देणार नाही.

प्रश्न : 'ॲप' शोधलं तर निम्मेच सापडतात. बाकीचे डोळ्यांना दिसतात, पण सापडत नाहीत.

उत्तर : दिसायला सारखं, आत वेगळं. 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या संगणकी प्रमाणात, २००८ साली आलं. त्याआधीच्या सवयीने कुणी 'अ'ला चंद्र जोडतं, तर कुणाच्या कीबोर्डवरून दोघांच्या मध्ये न दिसणारा जोडक घुसतो. न सापडणारा 'अॅ' मजकुरातूनच सिलेक्ट करून कंट्रोल-एच दाबा, तो वरच्या चौकटीत जसाच्या तसा येतो. खाली 'ॲ' लिहा. आधी 'फाइंड' टॅबवर 'काउंट' दाबून आकडा पाहा. बदलल्यावरही काही उरले, तर ते दुसऱ्या प्रकारचे. तेही असेच उचला. फाइल जुन्या श्री-लिपी फाँटमधली असेल तर यातलं काहीच लागू नाही. तो मजकूर आधी युनिकोडमध्ये आणावा लागेल.